वऱ्हाडात जेवायचे कुठे आणि केव्हा

बडनेऱ्याला किंवा अकोल्याला गाडीतून उतरलेला पाहुणा हमखास विचारतो, "इथे चांगलं कुठं मिळतं?" प्रश्न रास्त आहे, पण वऱ्हाडापुरता अर्धा आहे. मुंबईत या प्रश्नाला पत्ता सांगून भागते. इथे पत्त्याच्या जोडीला महिना सांगावा लागतो, कधी वार, कधी दिवसाचा प्रहरसुद्धा. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत जे सर्वात चांगले खाल्ले जाते, त्यातले बरेचसे दुकानात बारमाही मिळत नाही. वऱ्हाडी माणसाला धंदा जमत नाही म्हणून असे झाले, असा एक सोपा निष्कर्ष काढला जातो. तो मला मान्य नाही. याची कारणे पिकात आहेत, विस्तवात आहेत, आणि पदार्थ तयार झाल्यावर तासाभरात त्याचे काय होते यात आहेत. म्हणून माझे म्हणणे असे, की वऱ्हाडात खायला येणाऱ्याने नकाशाच्या आधी दिनदर्शिका उघडावी.

आधी बारमाही मिळणाऱ्या गोष्टींकडे पाहू, कारण त्यांनाही इतिहास आहे. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला कधी नव्हे असा भाव आला. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग 1867 मध्ये नागपूरपर्यंत पोचला. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही सगळी त्याच मार्गावरची स्थानके. अमरावती शहर बाजूला राहिले म्हणून बडनेऱ्याहून त्याला फाटा काढावा लागला. रुळांच्या आधाराने जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले, अडती बसल्या, मारवाडी आणि गुजराती व्यापाऱ्यांची घरे वाढली. कापसाची गाडी घेऊन पहाटे निघालेला शेतकरी, गठाणी वाहणारा हमाल, भावासाठी ताटकळलेला अडत्या या सगळ्यांना उभ्याउभ्या खाता येईल असे काहीतरी हवे होते. तळलेले, हातात धरता येणारे, पोटाला आधार देणारे. कचोरी, समोसा, आलूबोंडा, मुगाचे भजे, जिलबी ही वऱ्हाडच्या रस्त्यावरची मंडळी या बाजारपेठेची लेकरे आहेत. शेगावच्या कचोरीची कथाही रेल्वेचीच. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी 1950 च्या सुमारास शेगाव स्थानकावर ती विकायला सुरुवात केली, आणि गाडी थांबली की खिडकीतून हात बाहेर काढून ती घ्यायची ही प्रवाशांची सवयच झाली. लहानशी, चपटी, आत तिखट सारण, सोबत हिरवी मिरची. प्रवासात दोन-चार तास सहज टिकते. टिकते म्हणूनच ती गावाबाहेर पडली आणि आज मुंबई-पुण्यातही तिच्या नावाच्या पाट्या दिसतात.

अमरावतीचा गिला वडा मात्र गावाबाहेर फारसा गेला नाही, आणि तो कसा होतो हे जवळून पाहिले की त्याचे कारण कळते. उडदाची डाळ भिजवून बारीक वाटायची आणि हाताने इतकी फेटायची की तिच्यात हवा भरली पाहिजे. पिठाचा थेंब पाण्यात टाकला तर तो तरंगला पाहिजे. मग वडे तळून थेट पाण्यात सोडायचे. तळताना आत झालेल्या पोकळ्या पाणी शोषून घेतात आणि तेलाचा काही भाग वर येतो. मागणी आली की वडा दोन तळहातांत धरून हलकेच दाबायचा. जास्त दाबला तर मोडतो, कमी दाबला तर दह्याला शिरायला जागा उरत नाही. त्यावर पातळ दही, चिंचेची आंबटगोड चटणी, हिरवी चटणी, तिखट, जिऱ्याची पूड. एवढे सगळे काही क्षणांत होते आणि पुढच्या काही मिनिटांत खाऊन संपवावे लागते. उडदाचे फेटलेले पीठ उन्हाळ्यात लवकर आंबते, भिजलेला वडा फार वेळ ठेवला तर विरघळतो. म्हणजे दुकान कायमचे असले तरी पदार्थाची वेळ ठरलेलीच असते. दुपारी चार-पाचनंतर, गर्दी असताना, घाण्यामागून घाणा निघत असताना तो खावा. शांतपणे बसून खाऊ म्हणून रिकामे दुकान शोधणारा नेमका वाईट वडा खातो.

भिजवून, वाटून, तळलेल्या डाळीचा असाच एक भाऊबंद ब्राझीलच्या साल्व्हादोर शहरात आहे. तिथला आकाराजे चवळीचा असतो. साल काढून, वाटून, फेटून तो पामच्या लालसर तेलात तळतात आणि मध्ये चिरून त्यात सुक्या कोळंबीचे आणि मसाल्याचे सारण भरतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर तो तिकडे गेला. शुभ्र घेरदार पोशाखातल्या बाया तो रस्त्यावर बसून विकतात. ब्राझील सरकारने 2005 मध्ये या बायांच्या कसबाला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मान्यता पाककृतीपुरती नाही. करणाऱ्या बाईला, तिच्या बैठकीला आणि पद्धतीला आहे. पुढे 2014 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी स्टेडियमच्या आसपास बाहेरच्या विक्रेत्यांना मज्जाव करण्याचे घाटत होते, तेव्हा या बायांनी आवाज उठवला आणि निदान मोजक्याजणींसाठी जागा मिळवली. त्याच वर्षी आपल्याकडे पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा झाला. कायद्याने गाडीवाल्याला जागा मिळू शकते. पण त्याच्या हातात शहराची चव आहे, ही भावना अमरावती-अकोल्यात अजून कागदावर आलेली नाही, आणि ती यायला हवी.

तरीही हा बाजाराचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा शेताचा. पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा पट्टा खारपाणपट्टा आहे. विहिरीचे पाणी खारे, ओलिताला निकामी. काळ्या जमिनीत पावसावर आणि मुरलेल्या ओलाव्यावर जे येईल ते पीक: कापूस, ज्वारी, तूर, हरभरा, जवस. वऱ्हाडी स्वयंपाक या पाचांच्या आधाराने उभा आहे. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, हरभऱ्याच्या बेसनाचा झुणका आणि पाटवडीचा रस्सा, जवसाची चटणी, आणि कापसाची सरकी व तिची ढेप खाणाऱ्या म्हशीचे दूध. अकोल्यातल्या डाळ गिरण्या देशभर डाळ पाठवतात, तेव्हा डाळ आणि बेसन इथे घरचेच. भाजी मिळाली नाही तरी बेसनाचे दहा प्रकार होतात. गोळाभात, कढीगोळे, पाटवड्या. पाहुणा आला आणि घरात काही नाही अशी वेळ वऱ्हाडी बाईवर सहसा येत नाही, ती याच बेसनामुळे. 1990 नंतर सोयाबीनने ज्वारीची जमीन झपाट्याने खाल्ली. तेव्हापासून खेड्यातसुद्धा रोज पोळी आणि कधीमधी भाकर असे झाले आहे. सोयाबीन शेतकऱ्याच्या हातात दिवाळीच्या सुमाराला पैसा देते, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्याच्याबरोबर हुरडाही दुर्मीळ होतो, हे म्हणायला हवे.

हुरड्यातच माझ्या मुद्द्याचा सर्वात स्वच्छ पुरावा आहे. ज्वारीचा दाणा दुधाळ असतो तेव्हा त्यात साखर जास्त असते. पक्व होताना तिचे पिष्ट होते आणि गोडी जाते. दाणा कोवळा, पण हाताने चोळल्यावर कोंड्यातून सुटेल इतका भरलेला, अशी अवस्था एका वावरात थोडेच दिवस टिकते. कणीस तोडल्यावरही गोडी ओसरत जाते. म्हणून आगटी वावरातच पेटवायची, कणसे निखाऱ्यात खुपसायची, हातावर चोळायची आणि जवसाच्या किंवा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर लगेच तोंडात टाकायची. याच थंडीत तुरीच्या हिरव्या शेंगा सोलून सोले निघतात आणि सोले-वांग्याची भाजी होते. वाळलेल्या तुरीत तो हिरवा गोडवा नसतो. वांगीही थंडीतच रसरशीत. डिसेंबर-जानेवारीत येणाऱ्याला वऱ्हाड हातचे काही राखून ठेवत नाही.

आणि मग रोडगे. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेत मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून ती घट्ट मळतात. छोटा गोळा, त्यावर तेलाचा हात, त्याभोवती दुसरी पारी, तिच्याभोवती तिसरी. गोवऱ्या रचून पेटवतात. जाळ संपून लाल निखारा आणि वर राख राहिली की त्यात रोडगे ठेवतात आणि तापलेल्या राखेने झाकतात. अधूनमधून फिरवतात. वरचे कवच टणक होते, आतले पदर वाफेवर शिजतात. बाहेर काढून फडक्याने राख झटकायची, मुठीने फोडायचे, पदर मोकळे झाले की वर तूप. शेजारी मोठ्या गंजात वांग्याची तिखट भाजी आणि वरण. वावरातल्या मारोतीला किंवा महादेवाला निवद दाखवून पंगत बसते. पळसाच्या पानात गुंडाळून भाजलेले पानगे हे याच विस्तवाचे दुसरे रूप. त्यांना पानाचा वास लागतो. रोडगा निवला की दगड होतो. गोवऱ्यांचा निखारा तयार व्हायला वेळ लागतो, तो चार माणसांसाठी पेटवणे परवडत नाही, चाळीस माणसांसाठी परवडते. म्हणून रोडगे हा मुळातच कार्यक्रम आहे, ताटातला पदार्थ नंतर.

इथे कोणी म्हणेल, ही तर राजस्थानची बाटी. आणि सावजी रस्सा नागपूरच्या कोष्ट्यांचा, कचोरी पंजाब्याची. मग वऱ्हाडचे खास असे काय? आक्षेपात तथ्य आहे. राखेत भाजलेला कणकेचा गोळा माळवा, खानदेश, राजस्थान सगळीकडे आहे, आणि त्यात कोणाची मालकी शोधणे व्यर्थ आहे. पण पदार्थ कुठून आला याने तो कुठे रुजला हे ठरत नाही. बाटी अनेक ठिकाणी नुसती गोल असते, रोडग्याला पदर असतात. तिकडे जोडीला डाळ, इकडे डाळीबरोबर वांग्याची भाजी, कारण काळ्या मातीत थंडीत वांगी उदंड. निमित्तही इथले: नवस, मारोती, यात्रा. त्यातली सर्वात मोठी बहिरमची. परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, डिसेंबरच्या उत्तरार्धात ती सुरू होते आणि जानेवारीत महिनाभर तरी चालते. मातीच्या हंडीत मंद आचेवर शिजवलेले मटण आणि रोडगे ही तिची ओळख. माती सच्छिद्र असते, ती हळू तापते आणि हळू निवते, त्यामुळे मटण करपत नाही आणि रस आटत जातो. लोक राहुट्या टाकून मुक्कामाला येतात, स्वतः चूल मांडतात. न खाणाऱ्यांसाठी वांगे आहेच. पाहुण्याने वऱ्हाडचे एकच ठिकाण पाहायचे ठरवले तर मी बहिरम सांगेन, पण जूनमध्ये तिथे गेला तर देवळाशिवाय काही सापडायचे नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. शीतकपाटे आहेत, भट्ट्या आहेत; पुण्यात वऱ्हाडी थाळी मिळते, मग हंगामाची ही सबब कशाला? यावर संत्र्याकडे बोट दाखवावेसे वाटते. वरूड-मोर्शीचा भाग संत्र्याचा आगर, शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांतून कलमे दूरवर जातात. दोन बहार, आंबिया आणि मृग, म्हणून थंडीच्या तोंडाशी एकदा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा फळ येते. तरी संत्र्याच्या रसाचा मोठा व्यापार ब्राझीलच्या हाती आहे. डिसेंबर 1962 मध्ये फ्लोरिडातल्या बागा थंडीने गोठल्यावर साव पावलो राज्यातल्या रस उद्योगाने उचल खाल्ली आणि आज जगात निर्यात होणाऱ्या संत्रारसात ब्राझीलचा वाटा सर्वात मोठा आहे. भांडवल, जमीन, बंदरे ही कारणे आहेतच. पण फळाचेही कारण आहे. तिकडची व्हॅलेन्सिया आणि पेरा ही रसासाठी योग्य गोड संत्री. आपले नागपुरी संत्रे सैल सालीचे, सोलून खाण्याचे. त्याच्या रसात सुरुवातीला चव नसलेला एक घटक असतो, तो आम्लात हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतो आणि ठेवलेला रस कडू होतो. म्हणून गाडीवर समोर काढलेला रस तिथेच प्यावा. यंत्राने हा दोष कमी करता येतो आणि करावाही. शेतकऱ्याचा माल सडण्यापेक्षा बाटलीत गेलेला बरा. पण मोर्शीच्या बागेत झाडाखाली सोललेल्या फळाची जागा ती बाटली घेत नाही. पुण्यातल्या थाळीलाही हाच न्याय लावतो. झुणका तिथे चांगला होतो, पाटवडीही; दोन्ही तव्याचे आणि गंजाचे पदार्थ आहेत. हुरडा आणि रोडगा होत नाहीत, आणि ओव्हनमध्ये भाजलेल्या गोळ्याला ते नाव देणे मला खटकते.

शिवाय मोठे शहर म्हणजे सगळे सदैव, हेही खरे नाही. साव पावलोमध्ये काळ्या घेवड्याची आणि डुकराच्या मांसाची फेजोआदा उपाहारगृहांत परंपरेने बुधवारी आणि शनिवारी असते. तासन्‌तास शिजणारा, खाल्ल्यावर माणसाला जड करणारा पदार्थ रोज करण्यात राम नाही, हे तिथल्या उपाहारगृहांनी ओळखले आहे. सोमवारी आलेला प्रवासी बुधवारची वाट पाहतो आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वात गंभीर वाटतो. वावरातल्या पंगतीला आमंत्रण लागते. परक्याने तिथे कसे जावे? आणि पंगतीचा इतिहास काही सगळा गोड नाही. कोण कोणाच्या पंक्तीला बसेल यावर जातीचे पहारे होते, आणि पन्नास माणसांचा स्वयंपाक बायांच्या कंबरेवर पडत आला आहे. हे नाकारून वऱ्हाडी पाहुणचाराचे कौतुक करणे अप्रामाणिक ठरेल. पण याच मातीत त्याला उत्तर देणारी परंपराही उभी राहिली. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा (1876–1956) यांनी अन्नछत्रे आणि धर्मशाळा उभारल्या, कीर्तनांतून जातिभेदावर आणि देवापुढच्या पशुबळीवर कोरडे ओढले. शेगावचे गजानन महाराज 1878 मध्ये प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळींतले अन्न वेचून खाताना, असे भक्त मानतात. त्यांना आजही झुणका-भाकर, अंबाडीची भाजी, कांदा आणि मिरचीचा नैवेद्य दाखवतात, म्हणजे शेतमजुराचे जेवण. शेगाव संस्थानात भक्तांना महाप्रसाद मिळतो आणि कोणी कोणाची जात विचारत नाही. परक्या माणसाला वऱ्हाडी पंगतीत बसायचे असेल तर त्याच्यासाठी देवस्थान आणि यात्रा हे दोन दरवाजे उघडे आहेत. तिसरा दरवाजा हल्ली बचत गटांच्या बाया उघडत आहेत. त्यांच्या हातचे सांडगे, कुरडया, जवसाची चटणी महोत्सवांत विकली जाते, आणि निदान त्या श्रमाचे पैसे त्यांच्याच हाती येतात.

मेळघाटाबद्दल थोडे, कारण तो जिल्ह्यात असूनही या स्वयंपाकाच्या बाहेर आहे. चिखलदऱ्याला इंग्रजांनी लावलेली कॉफी महाराष्ट्रात इतरत्र सहसा न दिसणारी. हजार मीटरच्या वर असलेल्या पठाराच्या थंड हवेत ती तगली. गवळ्यांच्या गावातला खवा आणि रबडी, कोरकूंची कुटकी आणि सावा, उन्हाळ्यात वेचलेली मोहाची फुले यांचा हिशेब स्वतंत्र लेखाचा आहे. पर्यटकाने तिथे मागावी ती कॉफी आणि रबडी.

आता जो डिसेंबरात येऊ शकत नाही त्याने काय करावे? एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर जातो आणि बाहेर पडणेच अवघड होते, पण अक्षय्य तृतीयेला घरोघर चिंच आणि गुळाची चिंचवणी होते, कैरीचे पन्हे होते, आंब्याच्या रसाबरोबर काड्यांवर गुंडाळून केलेले सरगुंडे होतात. त्यासाठी ओळखीचे घर लागते, हॉटेलात हे कोणी करीत नाही. पावसाळ्यात तरोटा, घोळ, केना, कटोले अशा रानभाज्या बाजारात खेड्यातल्या बायांच्या टोपल्यांत दिसतात, आणि अलीकडच्या वर्षांत कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सवही भरवतो. तिथे भाजी विकत मिळते, शिजवलेली चाखायलाही मिळते. ब्राझीलच्या बेलो ओरिझोन्ते शहरात 2000 पासून छोट्या खानावळींची एक स्पर्धा चालते. प्रत्येक खानावळ एक पदार्थ मांडते, लोक गावभर फिरून खातात आणि मत देतात. अमरावती आणि अकोल्याच्या महापालिकांना असे काही करायला हरकत नाही. स्पर्धेचा खटाटोप नको असेल तर निदान बारा महिन्यांचे एक पत्रक छापावे आणि बडनेरा व अकोला स्थानकांवर लावावे: कोणत्या महिन्यात काय पिकते, कोणती यात्रा कुठे भरते, आठवडी बाजार कोणत्या वारी कोणत्या गावी, गिला वडा कोणत्या वेळी खावा, अंजनगावच्या पानमळ्यांतले पान कुठे मिळेल. कृषी विद्यापीठ अकोल्यातच आहे. पिकांच्या तारखा त्याच्याकडे तयार आहेत.